कुद्रेमुखची थांबलेली खाण

खाण सुरू होते तेव्हा तिचा गाजावाजा होतो. कोनशिला बसते, आकडे जाहीर होतात, किती टन खनिज निघेल आणि किती परकीय चलन मिळेल याचे तक्ते छापले जातात. खाण बंद होते तेव्हा मात्र असा तक्ता कोणी मांडीत नाही. यंत्रे उतरवली जातात, कामगार आपापल्या वाटेने जातात आणि लोकांच्या दृष्टीने तो विषय संपतो. वस्तुतः खाणीच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ कालखंडाला तेथूनच प्रारंभ होत असतो. कर्नाटकातील कुद्रेमुख येथील लोखंडाची खाण हे याचे एक ठळक उदाहरण आहे. ही खाण पंचवीस वर्षे चालली आणि 2005 सालच्या अखेरीस थांबली. तिच्या खडकाची घडण, तिच्या कामाची रीत आणि तिचा शेवट या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्या क्रमाने पाहिल्या, म्हणजे बंद पडलेल्या खाणीचे ओझे कोणावर पडते, याचा उलगडा होऊ लागतो.

कुद्रेमुख हे चिकमगळूर जिल्ह्यातील सह्याद्रीचे एक उंच शिखर. कानडीत कुदुरे म्हणजे घोडा; एका बाजूने पाहिले असता हे शिखर घोड्याच्या तोंडासारखे दिसते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्याची उंची जवळजवळ 1,900 मीटर भरते. सह्याद्री म्हटला, की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर काळ्या पाषाणाचे कडे आणि एकावर एक रचलेले लाव्ह्याचे थर उभे राहतात. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. परंतु दक्षिणेकडे जाताना गोव्याच्या आसपास तो संपतो आणि त्याहून कितीतरी प्राचीन असे खडक उघडे पडतात. भूशास्त्रज्ञ त्यांना धारवाडी खडक म्हणतात. डोंगरांची रांग तीच, पावसाला अडवण्याचे तिचे काम तेच. पण तिचे शरीर निराळ्या द्रव्याचे आणि निराळ्या युगाचे आहे. कुद्रेमुखचे लोखंड या धारवाडी खडकांतले असून ते 250 कोटी वर्षांहून अधिक जुने आहे.

त्या काळी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. आज लोखंड पाण्यात विरघळून फार वेळ राहू शकत नाही. प्राणवायूशी संयोग होऊन त्याचा गंज बनतो आणि तो तळाशी बसतो. त्या प्राचीन समुद्रात मात्र लोखंड विद्रुत स्थितीत साठून राहू शकत होते. समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांतून ते पाण्यात मिसळत होते. पुढे ते अविद्राव्य होऊन तळाशी बसू लागले. ही क्रिया कशी घडली, तीत आद्य सूक्ष्मजीवांचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहे. परिणामाविषयी मात्र वाद नाही. तळाशी कधी लोहयुक्त गाळाचा पातळ थर बसला, कधी वाळूच्या जातीच्या सिलिकेचा. पुन्हा लोखंडाचा, पुन्हा सिलिकेचा. कालांतराने उष्णता आणि दाब यांमुळे हे थर घट्ट झाले, त्यांना घड्या पडल्या, आणि एक पट्टेदार खडक तयार झाला. त्यातील काळसर पट्टे मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाचे, आणि फिकट पट्टे गारगोटीचे. अशा पट्टेदार लोहपाषाणाचे साठे ऑस्ट्रेलियात आहेत, ब्राझीलमध्ये आहेत, ओरिसात आणि बस्तरातही आहेत. जगाला लागणाऱ्या लोखंडाचा फार मोठा भाग याच प्रकारच्या खडकांतून येतो.

या खडकाचे मोल ठरते ते मात्र पुढच्या एका गोष्टीवर. मूळ पट्टेदार खडकात लोखंड साधारण तिसरा हिस्सा असते, बाकीची बहुतेक गारगोटी. पावसाचे पाणी लक्षावधी वर्षे झिरपत राहिले, की ते गारगोटी थोडी थोडी विरघळवून नेते आणि लोखंड मागे उरते. गोव्याच्या खाणींत निसर्गाने हे काम बरेच पुढे नेले. तेथील लोहखनिजात लोखंडाचे प्रमाण 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास असे, आणि पुष्कळसे खनिज खणून, चाळून, धुऊन गलबतात भरता येई. कुद्रेमुख येथे हेच काम अपुरे राहिले. वरच्या भागात खडक झिजून ठिसूळ झाला, मॅग्नेटाइटचा काही अंश हेमॅटाइटमध्ये पालटला. पण गारगोटी बव्हंशी तेथेच राहिली. या झिजलेल्या खनिजात लोखंड साधारण 38 टक्के होते, आणि त्याच्या खालच्या न झिजलेल्या खडकात त्याहूनही कमी. म्हणजे गोव्यात जे काम पावसाने केले, ते कुद्रेमुख येथे यंत्रांनी करावयाचे होते. या खाणीची पुढची सारी कथा या एका वस्तुस्थितीतून निघाली.

म्हैसूर संस्थानाच्या भूगर्भ खात्यातील संपत अय्यंगार यांनी या लोहपाषाणाचा शोध लावला तो 1913 साली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ तो साठा तसाच राहिला. हलक्या प्रतीचे खनिज, अवघड घाट, आणि वर्षाकाठी सुमारे 7,000 मिलिमीटर पाऊस. असा डोंगर फोडण्याचे धाडस करण्यासाठी मोठे भांडवल आणि खात्रीचे गिऱ्हाईक हवे होते. ते मिळाले 1975 साली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इराणशी करार झाला. इराणने 63 कोटी डॉलरचे कर्ज द्यावे आणि भारताने त्याला एकवीस वर्षांत 15 कोटी टन शुद्ध केलेले खनिज पुरवावे, असा तो करार होता. एप्रिल 1976 मध्ये केंद्र सरकारच्या मालकीची कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी स्थापन झाली. दऱ्याखोऱ्यांत रस्ते, वीज, वसाहत आणि कारखाना उभा राहिला, आणि 1980 साली ठरल्या वेळेस काम पुरे झाले. पण तोवर, 1979 साली, इराणमध्ये राज्यक्रांती होऊन शहांची सत्ता गेली होती. कर्जाचे पुढचे हप्ते थांबले होते आणि ज्याच्यासाठी खाण उभारली तो ग्राहकच राहिला नव्हता. खाण तयार आणि मालाला उठाव नाही, अशा विलक्षण स्थितीत तिचे आयुष्य सुरू झाले. पुढे इतर देशांत गिऱ्हाइके शोधावी लागली. शुद्ध खनिज पिठासारखे बारीक असल्याने ते तसेच झोतभट्टीत घालता येत नाही. भट्टीचा श्वास कोंडतो. म्हणून मंगळूर येथे त्याच्या गोळ्या वळून त्या भाजण्याचा कारखाना काढण्यात आला आणि तो 1987 साली सुरू झाला.

या खाणीतील कामाची रीत जाणून घेण्याजोगी आहे. ही खाण भुयारी नव्हती. डोंगराचा माथा उघडा करून तो पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवत न्यावयाचा, अशी ती उघडी खाण होती. प्रत्येक पायरीवर भोके पाडून सुरुंग उडवावयाचे, फुटलेला दगड यांत्रिक फावड्यांनी उचलून प्रचंड डंपरांत भरावयाचा आणि दगड फोडण्याच्या यंत्राकडे न्यावयाचा, हा रोजचा क्रम होता. तेथून तो मोठमोठ्या फिरत्या पिंपांत जाई. या पिंपांची योजना मोठी चातुर्याची होती. दगड दळण्यासाठी त्यांत पोलादी गोळे घालण्याऐवजी दगडच दगडावर आपटून दळला जाई. पाण्याबरोबर बारीक दळलेला हा लगदा मग चुंबकी रुळांवरून नेला जाई. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटे, गारगोटी वाहून जाई. जो अंश हेमॅटाइट झालेला असे तो चुंबकाला दाद देत नसे. त्याला त्याच्या जडपणाचा फायदा घेऊन, नागमोडी उतरणाऱ्या पन्हळींतून वेगळे काढावे लागे. एवढे सोपस्कार झाले, म्हणजे 67 टक्के लोखंड असलेले काळे पीठ हाती येई. निखळ मॅग्नेटाइटमध्ये लोखंडाचे प्रमाण सुमारे 72 टक्क्यांपर्यंतच असू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही शुद्धी किती वरच्या दर्जाची होती ते कळते.

हे पीठ घाटाखाली नेण्यासाठी रेल्वे नव्हती. आणि मालमोटारींनी न्यावयाचे, तर पावसाळ्यात तो घाट पेलला नसता. म्हणून पाण्यात कालवलेले हे खनिज 67 किलोमीटर लांबीच्या नळातून थेट मंगळूरच्या बंदराशी पोहोचवले जाई. डोंगराच्या उताराचा त्याला लाभ मिळे. पण नळातील वेग सांभाळणे हे कसबाचे काम होते. वेग मंदावला तर जड खनिज तळाशी बसून नळ तुंबतो, आणि वेग वाढला तर तेच खनिज कानशीसारखे नळाला आतून घासत जाते. बंदराशी पाणी गाळून घेतले, की उरलेले खनिज बोटीत भरण्यास किंवा गोळ्या करण्यास सिद्ध होई. अभियंत्यांच्या दृष्टीने ही सारी योजना म्हणजे एक मोठे यश होते, आणि तसे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

परंतु आता त्याच योजनेतील दुसरी बाजू पाहिली पाहिजे. खाणीची क्षमता वर्षाला 2 कोटी 25 लक्ष टन दगड काढण्याची, आणि त्यातून मिळावयाचे शुद्ध खनिज 75 लक्ष टन. तीन टन डोंगर फोडावा तेव्हा एक टन माल मंगळूरला जावयाचा. उरलेल्या दोन टनांचे काय? ते तर कोठेही जावयाचे नव्हते. ती दळलेली गारगोटी होती, तीत निसटून गेलेले थोडेबहुत लोखंड होते, आणि पुष्कळ पाणी होते. हा चोथा साठवण्यासाठी भद्रेला मिळणाऱ्या लक्या नावाच्या ओढ्यावर धरण बांधण्यात आले. टप्प्याटप्प्याने वाढवत ते सुमारे 100 मीटर उंचीपर्यंत नेण्यात आले. एरवी धरण पाण्यासाठी बांधतात आणि गाळ हा त्याचा शत्रू समजतात; येथे धरण बांधले तेच गाळासाठी. पंचवीस वर्षांत कोट्यवधी टन गाळ त्या दरीत जमा झाला. देशोदेशी गेले ते लोखंड. डोंगराचा मोठा हिस्सा, पीठ होऊन, जागच्या जागीच राहिला.

आणि ती जागा साधी नव्हती. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या याच डोंगराळ मुलुखात, गंगामूळ येथे उगम पावतात. नेत्रावती पश्चिमेस समुद्राला मिळते. तुंगा आणि भद्रा कुडली येथे एक होऊन तुंगभद्रा बनतात आणि ती तुंगभद्रा पुढे कृष्णेला मिळते. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेचे पाणी आणि कुद्रेमुखच्या डोंगरावरचे पाणी शेवटी एकाच प्रवाहात येते. या डोंगरांवर गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत आणि त्यांच्या घळींत सदाहरित झाडांची घनदाट झुडपे दडलेली आहेत. कानडी मुलुखात त्यांना शोला म्हणतात. हे गवत आणि ही झाडी मिळून पावसाचे पाणी शोषून ठेवतात आणि उन्हाळाभर नद्यांना पुरवतात. सिंहासारख्या शेपटीचे दुर्मीळ वानर या रानात राहते. 1987 साली या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यान करण्याची प्राथमिक अधिसूचना निघाली, आणि 2001 साली सुमारे 600 चौरस किलोमीटरचे उद्यान अंतिमतः जाहीर झाले. खाण अशा रीतीने रानाच्या पोटात सापडली.

एवढा पाऊस उघड्या केलेल्या डोंगरावर पडला, म्हणजे माती जागेवर राहणार नाही, हे सांगण्यास शास्त्रज्ञ नको. भद्रेचे पाणी पावसाळ्यात लाल गढूळ होई आणि त्या गाळाचा मोठा वाटा खाणीच्या लहानशा क्षेत्रातून येतो, असे पाण्याचे नमुने तपासणाऱ्यांनी दाखवून दिले. खाणीचा तीस वर्षांचा पट्टा जुलै 1999 मध्ये संपला होता आणि तिला तात्पुरत्या मुदतवाढी मिळत होत्या. निवृत्त वनाधिकारी के. एम. चिन्नप्पा यांच्या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. 30 ऑक्टोबर 2002 रोजी न्यायालयाने निर्णय दिला. आधीच उघडलेल्या क्षेत्रातील वरचे झिजलेले खनिज तेवढे काढावे, आणि तेही 2005 सालच्या अखेरपर्यंतच, असा त्याचा मथितार्थ होता. खालच्या न झिजलेल्या खडकाला हात लावावयाचा नव्हता. भूशास्त्रातील एक भेद येथे न्यायनिर्णयाची मर्यादारेषा बनला. खनिज शिल्लक असताना केवळ पाणी आणि रान यांच्यासाठी एवढी मोठी सरकारी खाण थांबावी, ही आपल्या देशातील अपूर्व घटना होती.

तिची झळ ज्यांना लागली त्यांचाही विचार केला पाहिजे. खाणीने हजारो कुटुंबांना भाकरी दिली होती. भद्रेच्या काठी एक संपूर्ण गाव वसले होते. शाळा, दवाखाना, बाजार, सारे त्या खाणीच्या आधारावर उभे होते. खाण थांबली तसे ते गाव ओस पडत गेले. देशाला परकीय चलनाची निकड असताना या खाणीने ते मिळवून दिले, हेही खरे. मंगळूरचा गोळ्यांचा कारखाना पुढेही राहिला; पण आता त्याला लागणारे खनिज दूरच्या खाणींतून आणावे लागते. म्हणून ही कथा खलनायकाची नव्हे. ज्या पिढीने खाण काढली तिला लोखंड हवे होते. नंतरच्या पिढीला नदीचे मोल अधिक वाटले. दोन्ही गरजा खऱ्या होत्या.

प्रश्न उरतो तो त्या दोन टनांचा. डोंगराच्या कापलेल्या पायऱ्या आहेत तेथेच आहेत, आणि लक्याच्या दरीतील गाळही तेथेच आहे. बारीक दळलेल्या गाळाचा एक धर्म आहे. तो कोरडा आणि दाबलेला असेल तर घट्ट उभा राहतो. पण कणांमधल्या पोकळ्यांत पाणी कोंडले आणि त्याला धक्का बसला, तर एका क्षणात तो द्रवासारखा वाहू लागतो. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो गावाजवळ 25 जानेवारी 2019 रोजी एका लोखंडाच्या खाणीचे असेच गाळाचे धरण फुटले आणि सुमारे 270 माणसे प्राणास मुकली. त्या धरणात नवा गाळ टाकणे काही वर्षांपूर्वीच थांबलेले होते. म्हणजे कागदोपत्री ज्याचे काम संपले होते, तेच धरण फुटले. प्रत्येक धरणाची बांधणी वेगळी असते, आणि एकाच्या अपघातावरून दुसऱ्याविषयी भय पसरवणे योग्य नव्हे. परंतु बोध स्पष्ट आहे. अशा धरणाला निवृत्ती नसते. त्याचा सांडवा मोकळा आहे की नाही, आतले पाणी नीट झिरपून बाहेर पडते की नाही, भरावाला कोठे भेग गेली आहे काय, हे दर पावसाळ्यात कोणीतरी पाहिलेच पाहिजे. खाण चालू असताना हे काम करण्यास माणसे असतात आणि त्यांना पगार देण्यास उत्पन्न असते. खाण बंद झाल्यावर उत्पन्न थांबते, पाऊस मात्र थांबत नाही.

उघड्या उतारांचेही असेच आहे. खाणीच्या जागी चटकन वाढणारी परदेशी झाडे लावून डोंगर हिरवा करणे फार कठीण नसते. पण या डोंगराचे मूळ वस्त्र गवताचे होते आणि पाणी धरून ठेवण्याचे कसब त्या गवतात आणि घळींतल्या शोला रानात होते. माती खरवडली गेलेल्या दगडावर ते पुन्हा रुजण्यास कित्येक दशके लागतात. वरवरची हिरवळ पाहून काम झाले असे मानणे, म्हणजे जखमेवर नुसती पट्टी बांधून ती भरली असे समजणे होय.

आपल्या देशात खाण बंद करतेवेळी काय करावयाचे याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी आधीच द्यावी, असे नियम 2003 साली झाले. कुद्रेमुखची खाण सुरू होऊन तेव्हा तेवीस वर्षे लोटली होती आणि तिचा शेवट ठरलेला होता. शेवटाचा विचार आरंभीच करावा, ही गोष्ट एवढ्या उशिरा सुचली, यात एका खाणीचा किंवा एका कंपनीचा दोष नाही. जगभर हेच घडत आले आहे. गोव्यातही खाणकाम अनेकदा थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि पाण्याने भरलेले खोल खड्डे मागे राहिले.

2012 साली पश्चिम घाटातील निवडक स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला, तेव्हा कुद्रेमुखचे राष्ट्रीय उद्यानही त्यात आले. वारसा म्हणजे मागच्यांनी पुढच्यांच्या हाती दिलेली वस्तू. त्या रानाबरोबर लक्याच्या दरीतला गाळही पुढच्या पिढ्यांच्या हाती आला आहे. 250 कोटी वर्षे जो डोंगर स्वतःच्या बळावर उभा होता, त्याचा तेवढा भाग यापुढे माणसाच्या सावधपणावर उभा राहणार आहे. नवी खाण उघडताना निघणाऱ्या लोखंडाचा हिशोब मांडतात, त्याच वहीच्या पुढच्या पानावर मागे राहणाऱ्या गाळाचा आणि तो राखणाऱ्या माणसाच्या पगाराचा हिशोब मांडला गेला, तर कुद्रेमुखचा अनुभव कारणी लागला असे म्हणता येईल.